पेटली म्हंजे झालं का?

आमच्या घरात पूर्वी वस्तू मरत नसे. तिचं नुसतं काम बदलायचं. धोतर विरलं की त्याची फडकी व्हायची, फडकी साठली की म्हातारी त्यांची वाकळ शिवायची, वाकळ विटली की ती गोठ्यात वासराच्या अंगावर जायची, आणि अगदी शेवटी तिचं चुलीपुढचं पोतेरं व्हायचं. फाळ झिजला की लोहाराच्या भात्यावर, मोटेचं चामडं फाटलं की चांभाराच्या ऐरणीवर. यात फार मोठा विचार होता असं नाही. पैका नव्हता, म्हणून होतं. पण एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या करत राहिलं की ती हातात मुरते, आणि मग गरज सरली तरी हात थांबत नाहीत. माझे हात तसलेच आहेत. मोडकी वस्तू दिसली की ती उलटीपालटी करून बघितल्याबिगर मला चैन पडत नाही.

सांधणं हे पुण्याचं आणि टाकणं हे पापाचं, असं आमच्याकडं बोलून दाखवायची गरजच पडत नाही, ते धरूनच चालतात. हे धरून चाललेलं कितपत टिकतं, हा सवाल माझ्यापुढं उभा राहिला तो गावात नव्हे, मुंबईत मुलुंडला. आणि तोही शोभेच्या दिव्यांच्या दोरीवरून.

माझा थोरला मुलुंडला राहतो. कंपनीत हिशेबाचं काम बघतो. चार मजल्यांची जुनी इमारत, सोळा बिऱ्हाडं. घेवड्याची खुरपणी उरकली की श्रावणाच्या शेवटाला मी पंधरा-वीस दिवस तिकडं जातो, गणपती करून परत येतो. आम्ही खटाव तालुक्यातले. आमची भावकी घाटकोपरच्या डोंगरावर, भांडुपला, मुलुंडला अशी विखुरलेली आहे, त्यामुळं मला तिकडं परकं वाटत नाही. आणखी एक मौज सांगतो. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर या भागांत वीज खासगी कंपनीची आहे, पण मुलुंड-भांडुपला बिल येतं ते महावितरणचं. म्हंजे माझ्या विहिरीवरच्या मोटारीला जे बिल येतं तेच माझ्या नातवाच्या पंख्याला येतं.

गणपतीच्या आधी आठ-दहा दिवस ही उपनगरं अंगावर दागिने घातल्यासारखी दिसायला लागतात. अंधेरीच्या आझादनगरचा गणपती तर अनंत चतुर्दशीला हलतच नाही, पुढच्या संकष्टीला त्याचं विसर्जन असतं, म्हणून तिथली रोषणाई आणखी थोडे दिवस. आमच्या पुसेगावच्या यात्रेत पूर्वी गॅसबत्त्या असायच्या, मग रंगीत बल्बच्या माळा आल्या, आता तिथंही ह्याच दोऱ्या. पारदर्शक प्लास्टिकची बोटाएवढी जाड नळी, आत ओळीनं बारीक दिवे. दुकानदार तिला रोपलाईट म्हणतात, कुणी पाईपलाईट म्हणतं. मी दोरीच म्हणतो.

सोसायटीकडं अशा दहा-दहा मीटरच्या पाच दोऱ्या होत्या. जिन्याखालच्या अडगळीतून काढून लावून बघितल्या तर एक पूर्ण मेलेली, एकीचा मधला तुकडा काळा, एकीचं शेपूट काळं, एक विनाकारण लुकलुकणारी, आणि एकच तेवढी टोकापासून टोकापर्यंत पेटणारी. सेक्रेटरी म्हणाले, "सगळ्याच टाकून द्या, नव्या आणू." मी म्हणालो, "दोन दिवस द्या, बघतो." इमारतीच्या वायरिंगची कामं करायला एक पोरगा येतो, परतूरकडचा, बावीस-तेवीसचा, हातानं हुशार. तो म्हणाला, "काका, लय टाइम खाईल हे." पण बसला.

आता ही दोरी आतून कशी असते ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

ठिबक सिंचन ज्यानं केलंय त्याला हे झटकन कळेल. दोरीच्या सगळ्या लांबीतून दोन जाड तारा जातात, आपल्या मेन पाईपसारख्या. त्या दोन तारांच्या मध्ये ठरावीक अंतरानं दिव्यांच्या ओळी जोडलेल्या असतात. आमच्यातल्या दोऱ्यांत दर दोन मीटरला एक ओळ होती आणि एका ओळीत ७२ दिवे. एका पांढऱ्या एलईडीला साधारण तीन व्होल्ट लागतात. ७२ गुणिले ३ म्हंजे २१६. घरातली वीज २३० व्होल्टची. म्हणून त्या ओळीला मध्ये ट्रान्सफॉर्मर लागत नाही, ७२ दिवे मिळून सगळा भार वाटून घेतात. प्लगच्या वायरीवर एक लहान डबी असते, ती फक्त उलटसुलट जाणाऱ्या विजेला एका दिशेनं जायला लावते, कारण एलईडी एकाच बाजूनं पेटतो.

यातून दोन गोष्टी निघतात. एका ओळीतला एक दिवा तुटला की त्या ओळीतले सगळे ७२ जातात, पण पुढच्या-मागच्या ओळी पेटत राहतात. म्हणून मधलाच तुकडा काळा दिसतो. आणि दुसरी गोष्ट, जी मला फार दिवस पुरली. चालू ओळीत प्रत्येक दिव्यावर तीनच व्होल्ट असतात. पण एक सांधा तुटला की बाकीचे ७१ दिवे मोकळे होतात, आणि २३० व्होल्टचा सगळा दाब त्या तुटलेल्या फटीवर येऊन उभा राहतो. खटल्याच्या घरातून एक भाऊ अंग काढून घेतो तेव्हा काय होतं ते ज्यानं बघितलंय त्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

दुरुस्तीची रीत साधी आहे. पहिली गोष्ट, प्लग भिंतीतून उपटून ठेवायचा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, कारण बटण कुणी फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेलं असलं तर बटण बंद असूनही दोरीत वीज असते. विहिरीवर स्टार्टरची पेटी उघडणाऱ्या माणसाला हे शिकवावं लागत नाही, आणि ज्याला शिकवावं लागतं त्यानं पेटी उघडू नये. दुसरी गोष्ट, दोरी गुंडाळलेली असताना लावून बघायची नाही. आत उष्णता कोंडते आणि नळी मऊ होऊन चिकटते. तिसरी, कुणावर आळ घ्यायच्या आधी निर्दोष कोण ते बाजूला काढायचं. पूर्ण मेलेल्या दोरीला आम्ही पेटत्या दोरीची प्लगवायर लावून बघितली, तर ती झगझगीत पेटली. म्हंजे सगळ्या दहा मीटरला बट्टा लागला होता तो हातभर वायरीमुळं. आतली डबी जळालेली होती, दिव्यांचा काही गुन्हा नव्हता. ही वायर जोडताना बाजू चुकली तरी दोरी पेटत नाही, उलटी फिरवून लावली की पेटते. कितीतरी चांगल्या दोऱ्या निव्वळ एवढ्यासाठी कचऱ्यात गेल्या असतील.

लुकलुकणाऱ्या दोरीत वायरीच्या टोकाच्या दोन सुया तारेत नीट घुसलेल्या नव्हत्या. त्या सरळ केल्या, दाबून बसवल्या, झालं. मधला तुकडा काळा होता त्या दोरीला कात्रीची खूण बघून दोन्ही बाजूंनी कापलं, काळे दोन मीटर काढून टाकले आणि उरलेले चार आणि चार मीटर जोडणीच्या सुया घालून, वर नळी आवळून, सिलिकॉननं सांधा बंद केला. खुणेवरच कापायचं. खूण सोडून कापलं तर आणखी एक ओळ मरते. शेपटाकडं काळी होती तिच्या टोकाचं टोपण निघालं होतं, तिथून पावसाचं पाणी आत चढलेलं, तांब्याच्या तारेला हिरवा कळंक. शेवटचे चार मीटर गेले, सहा उरले. त्याला नवं टोपण बसवलं.

थोरला संध्याकाळी कामावरून आला, चहा घेता घेता हिशेब मांडायला लागला. "आबा, तुम्ही दोघं दीड दिवस बसलाय. त्या पोराची मजुरी हजार-बाराशे. तुमची मजुरी धरतच नाही. वर सुया, नळ्या, सिलिकॉन. नव्या दोऱ्या चार-साडेचार हजारात येतात, वर्षाची गॅरंटी. वाचलं काय?"

हा हिशेब खोटा नाही. पण त्यात एक गृहीत आहे, की माणसाचा प्रत्येक तास विकला जाऊ शकतो आणि म्हणून तो विकल्यासारखाच धरावा. माझ्या त्या दुपारी कुणी गिऱ्हाईक नव्हतं. मी दोरीपाशी बसलो नसतो तर टीव्हीपाशी बसलो असतो. आणि त्या पोराला मजुरी मिळाली ती त्याच्या हातात राहिली. नवी दोरी आणली असती तर तोच पैसा लोहार चाळीतल्या घाऊक दुकानावरून कुठल्या कुठं गेला असता. पण थोरल्याच्या बाजूनंही बोलायला पाहिजे. गावाकडं मी अशी माणसं बघितलीत की पाच रुपयांचा बोल्ट वाचवायला अर्धा दिवस घालवतात आणि तोवर पाळीचं पाणी निघून जातं. एक ना धड भाराभर चिंध्या. सांधण्याच्या नादात शेत वाळलं तर त्या सांधण्याला पुण्य कुठलं?

आता सरकारलाही दुरुस्तीचं महत्त्व पटलेलं दिसतं. केंद्राच्या ग्राहक विभागानं २०२२ च्या जुलैत दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि पहिल्यांदा धरलेल्या चार क्षेत्रांत मोबाईल, गाड्या आणि घरातली उपकरणं यांच्या जोडीला शेतीची अवजारं घेतली. मला बरं वाटलं. ट्रॅक्टरचा सुटा भाग मिळत नाही म्हणून पेरणी खोळंबलेली मी बघितली आहे. आणि वस्तू लवकर मरावी अशी व्यवस्था मुद्दाम केलेलीही जगानं बघितली आहे. १९२४ साली युरोप-अमेरिकेतल्या मोठ्या बल्ब कारखानदारांनी जिनिव्हात मेळ घातला, आणि बल्बचं आयुष्य हजार तासांवर आणून ठेवायचं ठरवलं. जो जास्त टिकाऊ बल्ब काढील त्याला दंड. तेव्हा दुरुस्तीची बाजू घेणं हे नुसतं म्हाताऱ्याचं खूळ नाही.

पण दुरुस्तीच्या हक्काबद्दल बोलताना एक गोष्ट राहून जाते. सांधलेली वस्तू पुढं कुणाच्या तरी हातात जाते. त्या हाताचं काय?

पाचवी दोरी आम्ही शेवटाला घेतली. हीच ती, टोकापासून टोकापर्यंत पेटणारी. ७२ च्या पाचही ओळी शाबूत. ती गच्चीच्या कठड्यावर वर्षभर तशीच राहिली होती, कुणी उतरवली नव्हती. ऊन खाऊन नळी पिवळी आणि कडक झालेली. हातात घेऊन वाकवली तर कडकड आवाज आला. चष्मा लावून बघितलं तर वीतवीतभर अंतरानं बारीक भेगा, आणि दोन ठिकाणी भेग थेट जाड तारेपर्यंत गेलेली, तांबं दिसत होतं.

पोरगा म्हणाला, "काका, पेटतीय की. टेप मारू अन् लावू." सेक्रेटरी म्हणाले, "पेटली म्हणजे झालं. खालच्या गेटच्या रेलिंगवर टाका, तिथं कोण बघतोय."

बघा, चार दोऱ्या पेटत नव्हत्या आणि त्या निर्धोक होत्या. एक पेटत होती आणि तीच घातक होती. दुरुस्ती म्हंजे पेटवणं अशी व्याख्या केली तर पाचव्या दोरीत दुरुस्त करण्यासारखं काहीच नव्हतं. या दोरीला अर्थिंग नसतं. आतल्या २३० व्होल्टमध्ये आणि माणसाच्या कातडीमध्ये ती प्लास्टिकची नळी सोडून दुसरं काही नाही. म्हंजे दोरीचं खरं काम उजेड देणं हे निम्मंच, दुसरं निम्मं काम वीज आत कोंडून ठेवणं. ते दुसरं काम दिसत नाही, म्हणून कुणी ते तपासत नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असाही असतो. आणि भाद्रपदातला पाऊस, लोखंडी रेलिंग, तिथं संध्याकाळभर लोंबकळणारी पोरं.

एक आकडा सांगतो, कारण तो मी विसरू शकत नाही. त्या दोरीतला लहान दिवा पंधरा-वीस मिलिअँपिअर विजेवर पेटतो. आणि माणसाच्या हातातून साधारण दहा-पंधरा मिलिअँपिअरच्या वर वीज गेली की बोटं आपोआप मिटतात, धरलेली तार सोडवत नाही. जेवढ्यानं दिवा पेटतो तेवढ्यानंच माणूस चिकटतो. यासाठी मीटरखोलीत एक संरक्षक बटण बसवतात, आरसीसीबी म्हणतात त्याला, ३० मिलिअँपिअर वीज भलतीकडं गळाली की ते आपण होऊन पडतं. आमच्या त्या इमारतीच्या मीटरखोलीत ते नव्हतं.

मी सेक्रेटरींना म्हणालो, "ही लावायची न्हाई." ते हसले, पण ऐकलं. गोष्ट इथंच संपली असती. पण तिथं वॉचमन उभा होता. चाळीसगावकडचा माणूस, पंपाशेजारी पत्र्याच्या खोलीत बायको आणि सहा वर्षांची पोरगी घेऊन राहतो. तो म्हणाला, "बाबा, टाकूनच देणार असाल तर मला द्या. पोरगी कधीची मागं लागलीय, आपल्या गणपतीला लाईट पाहिजे म्हणून."

सेक्रेटरी लगेच म्हणाले, "देऊन टाका हो. त्याचाही सण गोड होईल."

इथं मात्र मी गप्प झालो. दोन मिनिटं मला काही बोलताच येईना. नाही म्हणणं किती सोपं आणि किती अवघड असतं ते त्या दोन मिनिटांत कळतं. समोरचा माणूस गरीब आहे. मागतोय ती तुम्ही फेकायला काढलेली वस्तू. "घातक आहे" असं म्हणून न देणं ही चिंगूसपणाचीही जुनी पळवाट आहे. आमच्या गावात एका वाड्यात उरलेलं अन्न "शिळं झालंय, बाधेल" म्हणून गड्याला देत नसत, उकिरड्यावर टाकत. गडी ते बघत उभा असे. गरिबाच्या घरात बहुतेक वस्तू दुसऱ्याच्या वापरातनं आलेल्याच असतात. तिथं जाऊन आपण शुद्धतेच्या गप्पा मारायच्या, त्याला काय अर्थ?

वॉचमनला मी भेगा दाखवल्या. तांबं दाखवलं. तो म्हणाला, "मी बघून लावीन, बाबा. उंच बांधीन." म्हंजे त्याला कळलं होतं आणि तो तयार होता. मोठा माणूस आहे, स्वतःच्या जिवाचा मालक आहे. मी स्वतः ऐन पावसात डीपीपाशी जाऊन फ्यूज बघितलेले आहेत, मला कुणी अडवलं असतं तर मी ऐकलं नसतं. मग त्याला मी कोण अडवणार?

पण खोलीत तो एकटा नव्हता.

आमच्या शेजारच्या गावातली गोष्ट आहे. रानडुकरं मका लोळवतात म्हणून एकानं बांधावरून उघडी तार ओढली आणि तीत वीज सोडली. अशा तारांनी माणसं मेल्याच्या बातम्या राज्यात कुठून ना कुठून येतच असतात. आपल्याकडं शेतीची वीज पाळीनं येते, कधी दिवसा, कधी रात्रीची. एक पंचविशीतला पोरगा रात्रीच्या पाळीला पाणी धरायला बांधावरून चालला होता. तार लावणाऱ्याला तार माहीत होती. त्याच्या घरच्यांना माहीत होती, ते तिकडं फिरकत नव्हते. मेला तो, ज्याला ठाऊक नव्हतं. तार लावणारा पुढं म्हणत राहिला, "मी डुकरांसाठी लावली होती." त्याचा हेतू खोटा नव्हता. पण विजेला हेतू कळत नाही, स्पर्श कळतो.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एक माप बसलेलं आहे. धोका पत्करणारा आणि धोका भोगणारा एकच माणूस असेल तर आपण फार तर समजावून सांगावं, शेवटी त्याची मर्जी. पण धोका एकजण पत्करतो आणि भोगणार भलताच, ज्याला त्याची खबरही नाही, अशी वस्तू हातातून जाऊ देऊ नये. मग ती विकत असो, दान असो, की दुरुस्त करून असो. वॉचमननं होकार दिला तो स्वतःपुरता. सहा वर्षांच्या पोरीचा होकार त्याच्याकडं नव्हता. आणि दिव्याला हात लावणार होती तीच, कारण दिवे तिच्याचसाठी होते.

आणखी एक सोपं माप आहे. ही दोरी मी माझ्या नातवाच्या खाटेवर बांधीन का? बांधणार नसेन, तर ती दुसऱ्याच्या पोरीला देणं हे दान नव्हे. आपल्या घरातला धोका गोड बोलून दुसऱ्याच्या घरात सारणं आहे ते.

पण नुसतं नाही म्हणून मोकळं होणं हेही पुरं पडत नाही. मी नाही म्हणालो असतो तर त्यानं स्टेशनाबाहेरून शंभर रुपयांची कसली तरी माळ आणली असती, ती कदाचित याहून वाईट निघाली असती. ज्याला आपण "नको" म्हणतो त्याला "मग काय" हेही सांगावं लागतं, नाहीतर आपलं शहाणपण त्याच्या काय कामाचं? मी सेक्रेटरींना म्हणालो, "चांगल्यातली सहा मीटरची ह्याला देऊ." ते म्हणाले, "अहो, मग पुढची बाजू पुरणार नाही." बरोबर होतं ते. दहा, आठ, सहा आणि दहा, अशी चौतीस मीटर दोरी चांगली होती. सहा दिली की अठ्ठावीस. पहिल्या मजल्याची निम्मी कडा काळी राहणार होती. थोडी कुरबुर झाली. एक बाई म्हणाल्या, समोरच्या सोसायटीपुढं आपली शोभा जाईल. थोरला म्हणाला, "आबा, त्याला आपण नवीन घेऊन देऊ, सहाशे रुपये मी घालतो." मला ते नको होतं. थोरल्याचे पैसे गेले असते आणि बाकीच्या पंधरा बिऱ्हाडांना काहीच तोशीस पडली नसती. वॉचमन सोळांच्या दाराशी उभा राहतो. मी म्हणालो, राहू दे निम्मी कडा काळी. शेवटी तसंच झालं.

सहा मीटरची दोरी पोरानं स्वतः वॉचमनच्या खोलीत लावून दिली, सांधा नसलेली, टोपण बंद केलेली, हात पोचणार नाही अशा उंचीवर. आठ मीटरच्या दोरीतला आमचा सांधा आम्ही गच्चीच्या कठड्याच्या बाहेरच्या अंगाला घेतला. सांधा कितीही चांगला केला तरी तो सांधा आहे, त्याला हाताच्या टप्प्यात ठेवायचं नाही, हेही त्या पोरानं तिथल्या तिथं उचललं. पुढच्या वेळेला मी नसेन, तो असेल.

राहिली पाचवी दोरी. तुम्ही म्हणाल, टाकली असेल. टाकायची म्हंजे कुठं? मुलुंडचं डम्पिंग ग्राऊंड १९६७ साली सुरू झालं आणि २०१८ मध्ये बंद झालं, तोवर तिथं डोंगर झाला होता. आता गाड्या कांजूरमार्गला जातात. शहरात "टाकलं" म्हणतात ते खरं तर दुसरीकडं नेलेलं असतं, आणि तिथंही माणसं असतात. अखंड दोरी कचऱ्यात गेली की कुणीतरी ती उचलणार, प्लग लावून बघणार, पेटतीय म्हणून घरी नेणार. म्हंजे वॉचमनच्या पोरीला वाचवून मी ती कुणा दुसऱ्या पोरीच्या गळ्यात घालणार. किंवा कुणी तांब्यासाठी ती जाळणार, आणि प्लास्टिकचा तो विषारी धूर जाळणाऱ्याच्याच छातीत जाणार. टाकणाऱ्याला ते ठाऊक नसतं, त्याला दिसतं ते एवढंच की अडगळ रिकामी झाली.

म्हणून मला असं दिसतं की सांधणं आणि टाकणं हे एकमेकांच्या विरुद्ध नाहीतच. दोन्हींत वस्तू आपल्या हातातून अनोळखी हातात जाते. दोन्हींत सवाल एकच, की जाताना तिच्यातला धोका आपण काढून घेतला, का तसाच पुढं ढकलला. धोका काढून मग सांधलं तर ते काम. न काढता सांधलं तर फसवणूक, मग ती दोरी कितीही झगझगीत पेटो. धोका काढून टाकलं तर तेही कामच, आणि तो न काढता टाकलं तर नुसतं अंगाबाहेर सारणं.

पाचव्या दोरीची प्लगवायर चांगली होती. ती आम्ही काढून पहिल्या, मेलेल्या दोरीला जोडली. त्यामुळं नवी वायर आणावी लागली नाही. मग उरलेल्या दहा मीटरचे पोरानं खूण न बघता हातहातभर तुकडे केले, म्हंजे एकही ओळ पुन्हा पेटायची नाही. त्यातल्या दिव्यांना काही झालेलं नव्हतं, ३६० च्या ३६० चांगले होते. कापताना मला वाईट वाटलं. माझ्यासारख्या माणसाला चांगली वस्तू कापणं जड जातं. पण चांगले दिवे आणि चांगली दोरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या पोरासमोर कात्री चालवल्याबिगर सांगता आलं नसतं. ते तुकडे थोरल्यानं पिशवीत भरून ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडं दिले.

गावी परत आल्यावर मी पहिलं काम केलं ते गोठ्यातल्या बोर्डाचं. त्यावरची वायर गेल्या तीन पावसाळ्यांत तीनदा टेप मारलेली होती आणि दिवा मस्त पेटत होता. टेप सगळी सोडून काढली, आत काय आहे ते बघितलं, आणि वाशापासून खालपर्यंत नवी वायर टाकली. त्या बटणाला हात लावणारी आमची नेहमीची गडीण आहे, पहाटे धारा काढायला येते तेव्हा तिचे हात ओले असतात.